पालथी बादली

थोरली सून सकाळी साडेसहाला दुसऱ्यांदा गोठ्यात गेली, तेव्हा वासरू कुशीवर पडलं होतं आणि त्याचं पोट डाव्या अंगाला टम्म फुगलं होतं. अर्ध्या तासापूर्वी तिनंच त्याला दूध पाजलं होतं. तेव्हाही ते नेहमीसारखं बादलीवर तुटून पडलं नव्हतं. हुंगत हुंगत प्यायलं, निम्मं सांडलं. पण तिचं लक्ष होतं कुठे? गेले तीन आठवडे तिचं निम्मं लक्ष स्वतःच्या डाव्या काखेखाली असायचं.

"अहो!" तिनं हाक मारली. "अहो, लवकर या!"

नवरा कामाच्या शेडमधून हातात रंधा घेऊनच धावत आला. पेशानं सुतार, आणि हातातली वस्तू खाली ठेवायची हे त्याला घाईत कधीच सुचत नाही.

"काय झालं?"

"बघा कसं फुगलंय. माझंच काहीतरी चुकलं. किटलीत तळाला जेमतेम दोन लिटर दूध होतं, मला वाटलं काल मीच कमी काढून ठेवलं. नासकं पाजलं की काय कोण जाणे. माझं डोकं ठिकाणावर नाही हो."

"तू आत जा. आवर. तुला साडेनऊची बस आहे."

"बस गेली खड्ड्यात. आधी डॉक्टरला फोन करा."

"कुठल्या?" त्यानं विचारलं आणि लगेच जीभ चावली.

"गुरांच्या!"

तो फोन लावायला बाहेर गेला. थोरली वासराचं डोकं मांडीवर घेऊन गवतात बसली. ते दात खात होतं. तिच्या मनात आलं, आज बारा वाजता माझा निकाल आणि हे आजच पडायचं होतं. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. त्या मुक्या जीवाला काय ठाऊक आज कोणता वार आहे ते.

तीन आठवड्यांपूर्वी आंघोळ करताना तिच्या हाताला गाठ लागली होती. आक्रोडाएवढी, कडक, दाबली तरी न दुखणारी. पहिला आठवडा तिनं कुणाला सांगितलंच नाही, कारण माळावरचं गवत कापायला आलं होतं आणि गवत कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या आठवड्यात नवऱ्याला सांगितलं. तो तिला लगेच शहरातल्या दवाखान्यात घेऊन गेला. फोटो झाले, सोनोग्राफी झाली, आणि मागच्या शुक्रवारी सुई घालून तुकडा काढला. गुरुवारी बारा वाजता या, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आज गुरुवार होता.

"कुणाला सांगायचं नाही," तिनं नवऱ्याला त्याच दिवशी बजावलं होतं. "आप्पांना नाही, पोरीला नाही. आणि धाकटीला तर मुळीच नाही." त्यानं मान डोलावली होती. हा माणूस मान फार छान डोलावतो.

*

गुरांचा डॉक्टर सव्वासातला आला. त्यानं वासराच्या घशात नळी घातली, फस्सकन हवा सुटली आणि गोठाभर आंबूस वास पसरला. तिचे सासरे आप्पा दाराशी काठी टेकून उभे होते. सून, मुलगा, नात, सगळे वासराभोवती. धाकटी सून मात्र बाहेर, उंबऱ्याच्या पलीकडे. चार वर्षं ती असंच करते. गोठा सामाईक, विहीर सामाईक, अंगण सामाईक. चूल वेगळी आणि दोघी जावांचं बोलणं कामापुरतं. तिचा नवरा ट्रक घेऊन महिन्यातले वीस दिवस बाहेर असतो, त्यामुळे ते दोन खोल्यांचं मागचं बिऱ्हाड म्हणजे बहुतेक वेळा एकटी तीच.

"किती दूध पाजलं होतं?" डॉक्टरनं विचारलं.

"दोन लिटर. नेहमीचंच," थोरली म्हणाली.

"दोन लिटरनं असं होत नाही, ताई. याच्या पोटात सात-आठ लिटर तरी आहे."

"अहो, कसं शक्य आहे? मीच तर पाजलं."

आप्पांनी खाली आपल्या वहाणांकडे बघितलं. वहाणांवर दुधाचे थेंब वाळले होते.

या घरात वासराला पाजलं की बादली धुऊन खुंटावर पालथी घालायची. आप्पांच्या बायकोनं घातलेली ही शिस्त, ती जाऊन अकरा वर्षं झाली तरी चालू होती. पालथी बादली दिसली की समजायचं, वासरू प्यायलं. उताणी दिसली की समजायचं, उपाशी आहे. इतकं सोपं की तीस वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. पण आप्पांनी आज बादली पालथी घातली असती तर थोरलीनं विचारलं असतं, कुणी पाजलं? आणि का पाजलं? मग आप्पा काय सांगणार होते? म्हणून आज, काल, परवा, रोज पहाटे पाचला त्यांनी चोरासारखं येऊन तिचं एखादं काम उरकलं होतं. आज हे काम हाती लागलं, तर बादली धुऊन, पुसून, होती तशी उताणी ठेवून दिली. पंच्याहत्तराव्या वर्षी माणसानं चोऱ्या शिकू नयेत.

"मी पाजलं," आप्पा म्हणाले. "पाच वाजता. दोन लिटर."

थोरलीनं वर बघितलं. ती काही बोलायच्या आत तिची लेक पुटपुटली, "मी पण. साडेपाचला."

"तू? तू आठच्या आत उठतेस कधीपासून?"

"आठ दिवस झाले."

डॉक्टर नळी धरून हसू दाबत होता. "झाले सहा लिटर," तो म्हणाला. "अजून कुणी?"

उंबऱ्याच्या पलीकडून आवाज आला. "मीही पाजलं. पावणेसहाला."

सगळ्यांनी वळून बघितलं. धाकटी दाराच्या चौकटीला हात लावून उभी होती, चोरी पकडली गेल्यासारखी लालबुंद.

"कमाल आहे," डॉक्टर म्हणाला. "तुमच्या घरात माणसं एकमेकांशी बोलतात की नाही?"

हा प्रश्न त्यानं सहज विचारला होता.

थोरलीनं नवऱ्याकडे बघितलं. तो रंधा उलटासुलटा करून बघत होता.

"मी फक्त आप्पांना सांगितलं," तो म्हणाला.

"मी फक्त धाकटीला," आप्पा म्हणाले. "बाईमाणसाला माहीत असावं कुणीतरी, म्हणून."

"मी कुणालाही नाही सांगितलं," धाकटी म्हणाली.

"मला कुणी सांगितलंच नाही," लेक म्हणाली. "मला पाकीट सापडलं. पिठाच्या डब्यात कोण ठेवतं गं रिपोर्टचं पाकीट?"

"कोंबड्या!" थोरली एकदम म्हणाली. "कोंबड्या आठ दिवस दाण्याकडे ढुंकून बघत नाहीत, ते यामुळे होय?"

"दाणे मी टाकतो," आप्पा म्हणाले.

"मी पण," लेक म्हणाली.

"आणि दोरीवरचे कपडे?"

धाकटीनं हात अर्धा वर केला. शाळेत बाई विचारतात तेव्हा करतात तसा.

थोरली धार काढायच्या तिवईवर मटकन बसली आणि हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले आणि मग ते हसणं राहिलंच नाही. "तुम्हाला काय कळतंय?" ती म्हणाली. "आठ दिवस मी कपडे वाळत घालायला जाते तर कपडे आधीच दोरीवर. वाफ्याला पाणी घालायला जाते तर वाफा ओला. मी म्हटलं, मीच केलं आणि मीच विसरले. मला वाटलं, ते डोक्यापर्यंत गेलं. रोज झोपताना मनात पाढे म्हणून बघत होते मी, येतात की नाही ते!"

आप्पांनी काठी दाराला टेकवून ठेवली. आपण तिला जपत होतो आणि त्या जपण्यानंच ती रोज थोडी थोडी मरत होती. ते पुढे गेले आणि सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. "चुकलं पोरी," ते म्हणाले. "तुझी सासू असती तर आम्हा सगळ्यांना त्या खुंटाला बांधलं असतं."

डॉक्टरनं घसा खाकरला. वासरू वाचेल, तो म्हणाला. दिवसभर दूध बंद, मीठ-साखरेचं पाणी, दर अर्ध्या तासानं धरून उभं करायचं आणि पोट चोळायचं. दुपारी परत नळी घालावी लागेल, ताकदीचा माणूस हवा.

ताकदीचा माणूस एकच होता आणि तोच बायकोबरोबर शहरात जाणार होता. त्यानं वासराकडे बघितलं, बायकोकडे बघितलं. त्याच्या चेहऱ्यावर सुटका होती आणि त्या सुटकेची लाज होती. थोरलीनं दोन्ही ओळखलं. पंचवीस वर्षांचा संसार होता.

"तुम्ही थांबा," ती म्हणाली. "मी जाते एकटी. एक कागद तर आणायचाय."

"आई, मी येते," लेक म्हणाली.

"तू गवताच्या गंजीवर ताडपत्री घाल. आभाळ बघ."

तेवढ्यात धाकटी म्हणाली, "मी जातेय शहरात."

"कुणी नको," थोरली तिच्याकडे न बघता म्हणाली.

"तुमच्याबरोबर नाही म्हटलं मी. बस सगळ्यांची आहे, ताई. मी माझं तिकीट काढीन. तुम्ही पुढे बसा, मी मागे बसते."

आणि ती चपला घालायला निघूनही गेली.

*

ती खरंच मागे बसली. तिसऱ्या थांब्यावर थोरलीनं मान न वळवता शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली. धाकटी उठून त्या रिकाम्या जागेवर येऊन बसली. तासाभराच्या रस्त्यात दोघी मिळून एवढंच बोलल्या की गवत चांगलं वाळलंय आणि खिडकी लागत नाही.

धाकटीला स्वतःचंच नवल वाटत होतं. या बाईचे कपडे आठ दिवस पिळून दोरीवर घातले, ते कशासाठी? चार वर्षांपूर्वी एका संध्याकाळी तिच्या हातून बागेचं फाटक उघडं राहिलं आणि गाईंनी सगळी नवी रोपं खाल्ली. त्याच्या आधीच्या महिन्यात ती दवाखान्यातून रिकाम्या हातांनी परत आली होती, पाचवा महिना होता. फाटक काय, तिला तेव्हा स्वतःच्या वेणीचंही भान नव्हतं. थोरली पाच शेजाऱ्यांसमोर एक वाक्य बोलली. दुसऱ्या दिवशी धाकटीनं मागच्या खोलीत चूल मांडली. त्या वाक्याबद्दल थोरलीनं कधी चकार शब्द काढला नाही. फक्त तेव्हापासून लोण्याचा पहिला गोळा न सांगता मागच्या दाराशी येऊ लागला. लोण्यानं वाक्य पुसलं जात नाही. पण धाकटीनं ते लोणी कधी परतही पाठवलं नव्हतं.

दवाखान्यातल्या बाकावर त्यांच्या शेजारी डोक्याला रुमाल बांधलेली एक बाई विणत बसली होती. सुया चालू ठेवूनच तिनं विचारलं, "पहिल्यांदाच का?"

"हो," धाकटी म्हणाली. थोरलीची नजर आतल्या दारावर होती.

"माझं सहावं केमो. बसून बसून दोन स्वेटर झाले."

मग आतून थोरलीचं नाव पुकारलं. ती उठली, दारापर्यंत गेली, थांबली. मागे वळून म्हणाली, "ये."

आत डॉक्टरीणबाई कागद चाळत होत्या. निकाल सांगायच्या आधी त्यांनी प्रश्नच विचारला. "मागच्या वेळी मी विचारलं होतं, तिथे काही मार लागला होता का. तुम्ही नाही म्हणालात. नक्की नाही?"

थोरलीनं धाकटीकडे बघितलं, मग जमिनीकडे. "लागला होता," ती म्हणाली. "दोन-अडीच महिने झाले. मोठ्या गाईनं शिंग मारलं. बांधताना तिनं मान फिरवली."

"मग सांगितलं का नाहीत?"

"आमचे हे शेजारी बसले होते ना! ती गाय मारकी आहे म्हणून विकायला निघालेत ते. त्यांना कळलं असतं तर दुसऱ्या दिवशी गाय बाजारात गेली असती. आणि मला वाटलं, शिंगानं काय गाठ येते? गोठ्यात मार रोजच लागतो."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "ताई, हा कॅन्सर नाही. मार लागून आतली चरबी खराब झाली आणि तिची गाठ झाली. फोटोत ती अगदी त्याच्यासारखीच दिसते, म्हणून आम्हीही घाबरलो होतो. पण तुकड्यात काहीही वाईट नाही. सहा महिन्यांनी परत या, बघू. आणि पुढच्या वेळी गाईला पाठीशी घालू नका."

थोरली नुसती मान हलवत राहिली. "म्हणजे नाही?" तिनं विचारलं.

"नाही."

"नक्की नाही?"

"नक्की नाही, ताई," हे धाकटी म्हणाली, कारण डॉक्टरीणबाईंनी दोनदा सांगितलं होतं आणि बाहेर रांग होती. धाकटीच्या लक्षात आलं, आत शिरल्यापासून आपण मनातल्या मनात एकच म्हणत होतो, हिला राहू दे, हिला राहू दे.

बाहेर आल्यावर थोरलीनं तोंड गंभीर केलं आणि विणणाऱ्या बाईपुढून खाली मान घालून निघाली.

"चांगलं आलं ना?" ती बाई म्हणाली.

थोरली थांबली. "हो," ती म्हणाली, एखादा गुन्हा कबूल करावा तशी.

"मग लपवता कशाला? इथे बसून चांगलं ऐकायला रोज मिळत नाही. सांगा की नीट."

थोरली तिच्याजवळ बसली. तिनं सगळं सांगितलं, गाय, शिंग, नवरा, पिठाचा डबा, चारदा दूध प्यायलेलं वासरू. ती बाई इतकी हसली की तिच्या सुईवरून टाके सुटले. निघताना थोरलीनं तिचा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. पुढच्या आठवड्यात तुमच्यासाठी लोणी घेऊन येते, ती म्हणाली. बाईनं दिवस सांगितला, मंगळवार.

फाटकाशी उभं राहून थोरलीनं नवऱ्याला फोन लावला.

"नाही निघालं," ती म्हणाली.

पलीकडे काहीतरी दाणकन खाली पडल्याचा आवाज आला, बहुधा रंधा.

"ऐकताय ना?"

"हो." मग तो म्हणाला, "वासरू उठलंय. जेवायला येताय ना दोघी? आम्ही थांबतो."

थोरली काहीतरी बोलणार होती, पण तिनं नुसतं "हो, थांबा" एवढंच म्हटलं. त्या माणसाकडे याहून मोठं वाक्य नव्हतं आणि तिला याहून मोठं नकोही होतं.

*

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. दोघींना शेवटची लांब सीट मिळाली, इतर चार माणसांबरोबर. थोरलीला सगळंच बघावंसं वाटत होतं. दुकानाच्या पाट्या, पुलाखालचं पाणी, समोरच्या म्हाताऱ्याच्या मानेवरची घडी. हे सगळं राहणार आणि आपणही राहणार. ती कुणाचे आभार मानायचे ते न कळून खिडकीच्या दांड्याला घट्ट धरून बसली होती.

मग तिनं दांडा सोडला. "धाकटे, त्या दिवशी मी जे बोलले..."

"कुठल्या दिवशी?"

"तुला माहीत आहे."

"माहीत आहे," धाकटी समोर बघत म्हणाली. "पण अर्धवट नका बोलू, ताई. त्या दिवशी पूर्ण बोलला होतात. आजही पूर्ण बोला."

थोरलीनं आजूबाजूला बघितलं. शेजारची माणसं ऐकत नसल्यासारखं करत होती. तेव्हाही पाच माणसं होती. आता चार होती.

"मी म्हणाले, जिच्या पोटात काही टिकत नाही, तिच्या हाती बाग कशी टिकणार," ती म्हणाली. "तुझं मूल जाऊन महिनाही झाला नव्हता. मला ते ठाऊक होतं. ठाऊक असून बोलले. तोंडातून निघालं आणि मला त्याच क्षणी कळलं काय बोलले ते, पण मला ताठा सोडवला नाही. मी चुकले. फार वाईट वागले मी तुझ्याशी. माफी मागते."

बस एका चढाला लागली.

"आप्पांनी तुमच्या गाठीचं सांगितलं ना," धाकटी म्हणाली, "तेव्हा माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं सांगू? आता हिला माफ करावंच लागणार. जाणाऱ्या माणसावर राग कसा धरायचा? आणि मला त्याचाच इतका राग आला. माझा राग माझ्या हातून कुणीतरी काढून घेतंय असं वाटलं. पहाटे तुमचे कपडे पिळायचे आणि रडायचे."

"मग आता?"

"आता तुम्ही ठणठणीत आहात. आता माझ्यावर सक्ती नाही." धाकटीनं तिचा हात घेतला, गवतानं कापलेला, चरे पडलेला हात. "म्हणून आता करते माफ. माझ्या मनानं."

थोरलीचा बांध फुटला. दवाखान्यात न आलेलं, फोनवर न आलेलं, तीन आठवडे आणि त्याआधीची चार वर्षं साठलेलं सगळं तिथेच बाहेर आलं. ती धाकटीच्या खांद्यावर डोकं ठेवून हुंदके देत राहिली. तिकिटं द्यायला आलेला कंडक्टर दचकून थांबला.

"काय झालं हो यांना?" त्यानं विचारलं.

"काही नाही झालं," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "काहीच नाही झालं. म्हणून तर रडतायत."